तळोद्याच्या पायवाटा आणि टोपोशीट नावाचं पुस्तक

सर्व्हेइंगच्या पेपरला 'कंटूरची वैशिष्ट्ये लिहा' हा प्रश्न हमखास येतो. आपण सगळे सात-आठ पॉइंट पाठ करतो, परीक्षेत उतरवतो आणि रिझल्ट लागला की विसरून जातो. या लेखात मी तोच धडा पुन्हा घेणार आहे, पण परीक्षेसाठी नाही. टोपोशीट हातात असेल तर आपल्या गावाचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास घरबसल्या कसा वाचता येतो, आणि बुजलेल्या पायवाटा कशा शोधता येतात, ते सांगायचं आहे. उदाहरण माझ्या गावाचं घेते. नंदुरबार जिल्ह्यातलं तळोदा.

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. इंग्लंडच्या राजांची नावं क्रमाने पाठ होती, पण तळोद्यावर पुस्तकात एक ओळसुद्धा नव्हती. गावाच्या उत्तरेला भिंतीसारखा उभा असलेला सातपुडा रोज दिसायचा, पण त्या भिंतीपलीकडे कोण राहतं आणि ते लोक बाजारच्या दिवशी कोणत्या वाटेने उतरतात, हे कोणी शिकवलं नाही. ते मला एका नकाशाने शिकवलं. मराठीत मध्ये मध्ये इंग्रजी शब्द येतील, ते सांभाळून घ्या.

टोपोशीट म्हणजे नक्की काय?

भिंतीवरच्या नकाशात गावं, रस्ते आणि नद्या असतात, पण उंची नसते. टोपोग्राफिक नकाशात जमिनीचा चढउतार समोच्च रेषांनी म्हणजे कंटूरने दाखवलेला असतो. त्याशिवाय विहीर, देऊळ, पाडा, नाला, पायवाट असं जमिनीवरचं बारीकसारीक सगळं चिन्हांनी दाखवलेलं असतं. आपल्याकडे हे नकाशे भारतीय सर्वेक्षण विभाग म्हणजे सर्व्हे ऑफ इंडिया काढतो. या खात्याची सुरुवात १७६७ सालची. १८०२ मध्ये मद्रासजवळ लॅम्टनने बेसलाइन मोजायला घेतली आणि तिथून त्रिकोणांची साखळी देशभर पसरली. ज्या ट्रँग्युलेशनची गणितं आपण सोडवतो, त्याचीच ही थोरली आवृत्ती.

आपल्याला लागणारी मालिका त्यानंतरची आहे. १९०५ च्या सुमारास खात्याने ठरवलं की संपूर्ण देशाचे एका पद्धतीचे, रंगीत, एक इंच बरोबर एक मैल अशा स्केलचे नकाशे नव्याने काढायचे. एका मैलात ५,२८० फूट, एका फुटात १२ इंच, म्हणून हे स्केल झालं १:६३,३६०. पुढे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली आणि हळूहळू १:५०,००० ची शीट निघाली. तिच्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. एकाच भागाची जुनी इंची शीट आणि नंतरची मेट्रिक शीट अशा दोन्ही मिळाल्या, तर मधल्या काळात काय बदललं ते समोरासमोर ठेवून बघता येतं. खरी मजा तिथेच आहे.

आपल्या गावाचा नंबर कसा काढायचा?

प्रत्येक शीटला नंबर असतो. तो कुणाला विचारायची गरज नाही, गावाचे अक्षांश-रेखांश माहीत असले की आपला आपल्यालाच काढता येतो. पद्धत अशी:

पहिली पायरी. संपूर्ण देश ४ अंश × ४ अंशांच्या चौकोनांत वाटलेला आहे आणि प्रत्येक चौकोनाला एक आकडा आहे. ७२ ते ७६ पूर्व रेखांश आणि २० ते २४ उत्तर अक्षांश हा चौकोन ४६ नंबरचा. त्याच्या लगेच खालचा, १६ ते २० अक्षांशांचा, ४७ नंबरचा. उत्तर आणि पश्चिम महाराष्ट्राचा बराचसा भाग या दोन आकड्यांत येतो.

दुसरी पायरी. या चौकोनाचे १ अंश × १ अंशाचे सोळा भाग करायचे आणि त्यांना ए पासून पी पर्यंत अक्षरं द्यायची. अक्षरं आडवी नाही, उभी लावायची. वायव्येच्या कोपऱ्यातून सुरू करून वरून खाली ए, बी, सी, डी, मग शेजारच्या उभ्या ओळीत वरून खाली ई, एफ, जी, एच, असं.

तिसरी पायरी. त्या एक अंशाच्या चौकोनाचे पुन्हा सोळा भाग करायचे. प्रत्येक भाग १५ मिनिटं × १५ मिनिटं. त्यांना १ ते १६ आकडे, तेही उभ्या ओळींनीच.

आता तळोद्याचं गणित करू. तळोदा साधारण २१ अंश ३४ मिनिटं उत्तर आणि ७४ अंश १३ मिनिटं पूर्व. म्हणजे मोठा चौकोन ४६. त्यात ७४ ते ७५ ही तिसरी उभी ओळ, तिथली अक्षरं आय, जे, के, एल. २१ ते २२ अक्षांश हा वरून तिसरा चौकोन, म्हणून के. त्याच्या आत ७४ अंश ० मिनिटं ते ७४ अंश १५ मिनिटं ही पहिली उभी ओळ, आणि २१ अंश ३० मिनिटं ते २१ अंश ४५ मिनिटं हा वरून दुसरा भाग. उत्तर: ४६ के/२. याच हिशोबाने वर धडगाव ४६ के/१ मध्ये येतं, खाली नंदुरबार ४६ के/३ मध्ये, आणि पूर्वेला शहादा ४६ के/६ मध्ये. पडताळा हवा असेल तर पुणे शहर करून बघा, ४७ एफ/१४ यायला पाहिजे.

एक शीट जमिनीवर केवढी? तळोद्याच्या अक्षांशावर १५ मिनिटं म्हणजे दक्षिणोत्तर सुमारे २७.७ किलोमीटर आणि पूर्वपश्चिम सुमारे २५.९ किलोमीटर. १:५०,००० वर हा कागद साधारण ५५ × ५२ सेंटिमीटरचा होतो. म्हणजे हॉस्टेलच्या टेबलावर आरामात मावतो, फक्त वरचे चहाचे कप उचलावे लागतात.

रेघांची भाषा

शीट उघडली की आधी चिन्हांची सूची वाचा. तपकिरी रंग कंटूरचा, निळा पाण्याचा, हिरवा जंगलाचा, पिवळा शेतीचा, लाल रस्त्यांचा आणि वस्तीचा. कोरड्या पडणाऱ्या नाल्यांचं पात्र काळ्या रंगात असतं. उन्हाळ्यात पाणी कुठे मिळेल आणि कुठे नाही, हे रंगावरूनच कळतं.

आपल्या कामाची चिन्हं म्हणजे वाटांची. बैलगाडीची वाट, लादणीच्या जनावरांची वाट आणि नुसती पायवाट यांच्यासाठी वेगवेगळ्या तुटक रेघा असतात. हा फरक वरवरचा नाही. जिथे गाडीवाट संपते आणि लादणीची वाट सुरू होते, तिथे चाक थांबलं आणि बैलाच्या किंवा घोड्याच्या पाठीवर माल चढला. अशा ठिकाणी बहुतेक वेळा वस्ती, विहीर किंवा देवस्थान सापडतं. नदीवर 'फोर्ड' लिहिलेलं दिसलं की समजायचं इथे उतार आहे, म्हणजे पायी नदी ओलांडायची जागा. 'फेरी' असेल तर नाव चालत होती.

आता पाठ केलेले कंटूरचे पॉइंट कामाला लावा. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या रेषांचं टोक उंचीकडे असेल तर ती घळ किंवा नाला, आणि टोक उताराकडे असेल तर डोंगराची सोंड. जुन्या पायवाटा बहुतेक वेळा सोंडेवरून चढतात, कारण नाळेत पावसाळ्यात पाणी असतं आणि दगड घसरतात. दोन उंच भागांच्या मध्ये कंटूर खाली वाकलेले दिसले तर ती खिंड, आणि वाटा तिथे येऊन एकमेकींना मिळतात. ज्या माणसांनी या वाटा पाडल्या त्यांनी सर्व्हेइंगचा पेपर दिलेला नव्हता, पण त्यांची अलाइनमेंट बघितली तर आपले सरसुद्धा पूर्ण मार्क देतील.

चालायला किती वेळ लागेल याचंही सूत्र आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने ते १८९२ मध्ये मांडलं. सपाटीवर तासाला पाच किलोमीटर धरायचे, आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईसाठी एक तास वाढवायचा. समजा नकाशावर वाट दोऱ्याने मोजली आणि ती २४ सेंटिमीटर भरली. म्हणजे १२ किलोमीटर, म्हणजे २ तास २४ मिनिटं. कंटूर मोजून चढ ९०० मीटर आला, म्हणजे आणखी दीड तास. एकूण ३ तास ५४ मिनिटं. हा हिशोब न थांबता चालणाऱ्यासाठी आहे. मेसचं खाऊन वाढलेल्या आपल्यासारख्यांनी त्यात अर्धा वेळ आणखी मिळवावा!

शीर्षकसुद्धा वाचा

शीटच्या माथ्यावर जिल्ह्याचं नाव असतं, आणि ते नावच इतिहास सांगतं. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तळोदा गेलं पश्चिम खानदेशात. महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्याच जिल्ह्याला धुळ्याचं नाव मिळालं, आणि १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. म्हणून माथ्यावर 'वेस्ट खानदेश' दिसलं की शीट कोणत्या काळातली हे लगेच समजतं. खाली कोपऱ्यात सर्वेक्षणाचं वर्ष आणि छपाईचं वर्ष वेगवेगळं दिलेलं असतं. आपल्या उपयोगाचं आहे ते सर्वेक्षणाचं. छपाई नंतर कितीही वेळा झालेली असू शकते.

तळोदा नकाशावर असं का बसलं आहे?

एखाद्या गावाला 'तू इथे का?' असं विचारायचं असेल तर नकाशासारखा जाणकार नाही. तळोदा समुद्रसपाटीपासून सुमारे दीडशे मीटर उंचीवर, तापीच्या खोऱ्याच्या उत्तर कडेला आहे. खाली काळी सपाट जमीन, तिथे कंटूर लांब लांब. वर सातपुडा सुरू झाला की त्याच रेषा एकमेकींना चिकटतात. डोंगर आणि मैदान यांच्या सांध्यावर गाव बसलं आहे. डोंगरातला माल खाली येणार आणि मैदानातला वर जाणार, तो इथूनच.

१८८० मध्ये छापलेल्या खानदेशाच्या गॅझेटिअरमध्ये तळोद्याची ओळख हीच आहे. इमारती लाकडाची मोठी बाजारपेठ, रोशा गवताचं तेल आणि इथे तयार होणाऱ्या लाकडी बैलगाड्या. जंगलातलं लाकूड, डोंगरउतारावरचं सुगंधी गवत आणि मैदानात चालणारी गाडी, या तीन गोष्टी एकत्र यायच्या तर गाव अशाच सांध्यावर पाहिजे. पुढे १९०० च्या सुमारास सुरत–अमळनेर हा तापी व्हॅली रेल्वेचा मार्ग पूर्ण झाला. तो नंदुरबारवरून गेला, तळोद्यावरून नाही. रेल्वेनंतरच्या कोणत्याही शीटवर नंदुरबारकडे धावणाऱ्या वाटांची गर्दी बघा, व्यापार कुठे सरकला ते बोटाने दाखवता येतं.

त्याआधीचा मोठा रस्तासुद्धा पूर्वपश्चिमच होता. सतराव्या शतकात तावर्निये हा फ्रेंच व्यापारी सुरतेहून बऱ्हाणपूरकडे गेला तो नवापूर, नंदुरबार, थाळनेर असा. नवापूरच्या सुवासिक तांदळाचं कौतुक त्याने लिहून ठेवलं आहे. उत्तरेला सरळ का गेला नाही? नकाशा बघा. आधी सातपुडा, मग नर्मदा, आणि तिच्या पलीकडे विंध्याचे डोंगर. तोफा आणि गाड्या घेऊन माळव्यात जायचं तर बरंच पूर्वेला सेंधव्याच्या घाटाकडे वळावं लागतं. मुंबई–आग्रा रस्ताही तिथूनच गेला आहे.

आणि माळव्याचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी. इंदूरच्या होळकर घराण्याचे संस्थापक मल्हारराव होळकर (१६९३–१७६६) लहानाचे मोठे झाले ते तळोद्याला, त्यांचे मामा भोजराज बारगळ यांच्याकडे. मामांची मुलगी गौतमाबाई याच पुढे मल्हाररावांच्या पत्नी. बारगळांच्या गढीवरून आम्ही सायकलने शेकडो वेळा गेलो असू, पण उत्तरेचं राजकारण हलवणारा माणूस या गल्ल्यांत वाढला हे आमच्यापैकी कितीजणांना ठाऊक होतं?

मेवासी आणि अस्तंभा

डोंगराकडे वळलं की नकाशावरची नावं बदलतात. खाली 'पूर', 'वद', 'वाडी', आणि वर 'पाडा', 'खेडी', 'माळ', 'आंबा'. तळोद्याच्या वायव्येला एकेकाळी मेवासी सरदारांच्या सहा इस्टेटी होत्या: काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली आणि नवलपूर. काठीची होळी आजही लांबलांबचे लोक बघायला जातात. इस्टेटी गेल्या, पण शब्द राहिला. तळोद्यात वनखात्याच्या ऑफिसवर 'मेवासी वनविभाग' अशी पाटी आहे. लहानपणी मला ते कुठल्या तरी साहेबाचं आडनाव वाटायचं!

या डोंगरातली सगळ्यात जिवंत जुनी वाट म्हणजे अस्तंभ्याची. अस्तंभा किंवा अस्तंबा हे शिखर सुमारे १,३२५ मीटर उंच. लोकांची श्रद्धा अशी की कपाळावरची जखम घेऊन अश्वत्थामा अजून इथे फिरतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे जखमेसाठी तेल मागतो. दिवाळीत, धनत्रयोदशीच्या आसपास, तरुणांचे जथे तळोद्याहून कोठारमार्गे पायी निघतात. तळोद्यापासून शिखरापर्यंत चढ होतो जवळजवळ पावणेबाराशे मीटर. नेस्मिथच्या सूत्राने नुसत्या चढाचेच दोन तास झाले, अंतराचे वेगळे.

माझ्या आजोबांनी तरुणपणी ही यात्रा केलेली. सुट्टीत मी त्यांच्यापुढे शीटचा प्रिंट पसरला आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही कुठून गेला होता?" त्यांना कंटूर समजत नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, कोठारवर बोट ठेवलं आणि नाला, सोंड, पाणी, विसावा असं सांगत सांगत बोट वर नेलं. त्यांचं बोट आणि नकाशावरची ठिपक्यांची रेघ बहुतेक ठिकाणी एकावर एक येत होती. एका ठिकाणी मात्र ते म्हणाले, "इथं नाही बेटा, आम्ही डावीकडून जायचो, तिकडं झरा होता." नकाशात झरा नव्हता. म्हणजे सर्व्हेअरला जे कोणी सांगितलं नाही किंवा कोरड्या दिवसांत दिसलं नाही, ते आजोबांच्या डोक्यात होतं. मी तो झरा पेन्सिलने शीटवर लिहून ठेवला. टोपोशीट वाचायची ही सगळ्यात चांगली पद्धत आहे. कागद घेऊन म्हाताऱ्या माणसांपुढे बसायचं.

४५५ फुटांची रेषा

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. सरदार सरोवर धरणाची पूर्ण जलाशय पातळी १३८.६८ मीटर आहे. फुटांत करून बघा, बरोबर ४५५ फूट. सप्टेंबर २०१९ मध्ये धरण पहिल्यांदा या पातळीपर्यंत भरलं. या पाण्याने महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली. ती सगळी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली, धनखेडी, चिमलखेडी, बामणी, डोमखेडी, निमगव्हाण ही त्यांतलीच नावं.

नर्मदाकाठची जुनी इंची शीट मिळाली तर एक प्रयोग करा. जुन्या शीटवर उंची फुटांत असते. नदीच्या दक्षिण काठाने ४५० फुटांचा कंटूर शोधा आणि निळ्या पेन्सिलने गिरवा. ही साधारण पाण्याची कड. आता तिच्या खाली काय काय आलं ते बघा. घरांचे लाल ठिपके, नदीकाठची शेतं, उतार, आणि गावागावांना जोडणाऱ्या पायवाटा. वरच्या पाड्यातून खालच्या गावात जाणारी वाट निळ्या रेषेपाशी येते आणि पाण्यात शिरते. जी दोन गावं काठाकाठाने जवळ होती, त्यांच्यामध्ये आता पाणी भरलेली घळ आहे. एकतर होडी, नाहीतर पूर्ण डोंगर चढून पलीकडे उतरायचं. 'बॅकवॉटर' हा शब्द आपण टेक्स्टबुकात एका व्याख्येत संपवतो. नकाशावर तो असा दिसतो.

याच गोष्टीचं दुसरं टोक तळोद्यात आहे. विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी १९९० पासून तळोद्याच्या बाजूची जंगलजमीन मोकळी करून देण्यात आली. सोमावलसारख्या ठिकाणी नव्या वसाहती झाल्या. म्हणजे जुन्या शीटवर जिथे सलग हिरवा रंग आहे तिथे आज घरं, शाळा आणि कापसाची शेतं आहेत, आणि जिथे घरं होती तिथे पाणी. एकच घटना, नकाशाच्या दोन टोकांना. माझ्या वर्गात अशा वसाहतींमधली मुलं होती. त्यांची आईवडिलांची गावं कुठे होती हे त्यांनाही नकाशावर दाखवता यायचं नाही, कारण आजच्या नकाशावर ती गावं त्या जागी नाहीतच. जुन्या शीटवर आहेत. नावासकट, विहिरीसकट, देवाच्या झाडासकट नसली तरी तिथे जाणाऱ्या वाटेसकट.

जुना नकाशा नव्यावर कसा ठेवायचा?

हे काम कॉम्प्युटरवर सोपं आहे. शीट स्कॅन करा. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात जिओरेफरन्सर उघडा. शीटच्या चारही कोपऱ्यांवर अक्षांश-रेखांश छापलेले असतात, ते चार बिंदू द्या. कागद आक्रसलेला किंवा घडीवर फाटलेला असेल तर मधल्या पाच-पाच मिनिटांच्या खुणाही द्या. मग पारदर्शकता वाढवून खाली उपग्रहाचं चित्र ठेवा.

इथे एक खाच आहे. जुन्या शीट एव्हरेस्ट स्फेरॉइडवर आहेत आणि मोबाइलमधला जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. दोन्हींचे आकडे एकच धरले तर आपल्या भागात साधारण शंभर मीटरचा फरक पडतो. शहरात शंभर मीटर म्हणजे पुढची गल्ली, पण सातपुड्यात शंभर मीटर म्हणजे दुसरी दरी. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये डेटम बरोबर निवडा, आणि मग देऊळ, नाल्यांचा संगम, टेकडीचा माथा अशा न हलणाऱ्या खुणांवर पडताळून बघा. पडताळ्यासाठी रस्ता धरू नका, रस्ते हलतात. मोठी नदीसुद्धा पात्र बदलते.

शीट कुठून मिळवायच्या? २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्व्हे ऑफ इंडियाच्या दोन मालिका झाल्या, एक संरक्षण खात्यासाठी आणि एक सर्वांसाठी. सर्वांसाठीची ओपन सिरीज २०१७ पासून ऑनलाइन मोफत मिळू लागली, आणि फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी नकाशांवरचे बरेच निर्बंध सैल झाले. ओपन सिरीजच्या शीटचे नंबर वेगळ्या पद्धतीचे आहेत, हे लक्षात ठेवा. अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात काढलेले भारताचे १:२,५०,००० चे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीने सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत. ते जुन्या भारतीय शीटवरूनच बनवलेले असल्याने धरणाआधीची नर्मदा त्यांत बघायला मिळते. आणि जुन्या कॉलेजांच्या भूगोल विभागातली कपाटं विसरू नका. परवानगी काढून ती एकदा उघडाच.

हे करून काय मिळणार?

मित्र विचारतात, "प्लेसमेंटला याचा काय उपयोग?" जीआयएस येणाऱ्याला नोकरी मिळते हे तर आहेच. पण त्याहून मोठी दोन उत्तरं आहेत.

पहिलं, वनहक्क कायदा २००६. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना जमिनीवरचा आणि सामूहिक वापराचा हक्क सिद्ध करायला पुरावा लागतो. या कायद्याच्या नियम १३ मध्ये कोणते पुरावे चालतात त्याची यादी आहे. त्यात गॅझेटिअर आहे, सर्वेक्षणाचे अहवाल आहेत आणि नकाशेही आहेत. ज्या कुटुंबाकडे कागदाचा एक चिटोरा नाही, त्यांचा पाडा जुन्या शीटवर छापलेला असेल तर तो सरकारनेच पूर्वी दिलेला दाखला आहे. शीट शोधणं, ती नीट वाचणं, पाड्याचं बिघडलेलं इंग्रजी स्पेलिंग ओळखणं, एवढं काम इंजिनिअरिंगचा कुठलाही विद्यार्थी करून देऊ शकतो.

दुसरं, वाटा. तळोद्याहून धडगावला जाणारा रस्ता चांदसैली घाटातून चढतो. पावसाळ्यात तिथे दरडी कोसळतात. सप्टेंबर २०२१ मध्ये असाच घाट बंद पडला आणि आजारी माणसाला दवाखान्यात वेळेत पोचवता आलं नाही, ही बातमी तेव्हा राज्यभर गाजली. डांबरी रस्ता झाला की पायवाटा वापरातून जातात, झुडपं वाढतात, आणि दोन पिढ्यांत ती वाट माहीत असलेलं कोणी उरत नाही. मग रस्ता बंद म्हणजे सगळंच बंद. जुन्या शीटवरच्या वाटा आजोबांच्या पिढीबरोबर एकदा तपासून घेतल्या, तर निदान कोणत्या गावाला दुसरी वाट आहे आणि कोणत्या गावाला नाही, याची यादी तरी होईल. ही यादी आपल्या प्रोजेक्टसाठी काही वाईट विषय नाही.

जाण्याआधी

प्रत्यक्ष वाट शोधायला जाणार असाल तर चार गोष्टी पाळा. एकटे जाऊ नका. पावसाळ्यात नाल्यातली वाट धरू नका. जंगलाच्या हद्दीत वनखात्याला विचारून जा. आणि पाड्यात गेल्यावर आधी राम राम करा, पाणी प्या, आपण कोण, कुठले, कशाला आलो ते सांगा, मग नकाशा काढा. कागद आणि मोबाइल घेऊन आलेला अनोळखी माणूस म्हणजे जमीन मोजायला आलेला सरकारी माणूस, अशी भीती लोकांना वाटते आणि ती उगाच नाही. १८५२ मध्ये खानदेशात जमिनीची मोजणी सुरू झाली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल भागात शेतकऱ्यांनी मोठा विरोध केला होता. आपण मोजायला नाही, ऐकायला आलो आहोत, हे आपल्या वागण्यातून दिसलं पाहिजे.

आता गृहपाठ. हॉस्टेलमध्ये आपण कुठून कुठून आलो आहोत! कोणी शहाद्याचं, कोणी बीडचं, कोणी कोकणातलं. या रविवारी प्रत्येकाने आपल्या गावाच्या शीटचा नंबर काढा आणि नोटीस बोर्डाशेजारच्या कागदावर गावासमोर लिहा. मग ती शीट मिळवा, आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी जाताना प्रिंट काढून न्या. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापुढे पसरा आणि विचारा, "तुम्ही बाजाराला कुठून जात होता?" ते सांगतील ते पेन्सिलने शीटवर लिहून ठेवा, खाली तारीख घाला. शीट पुन्हा कधीही डाउनलोड होईल, पण ते बोट कायम मिळणार नाही.